डिटेक्टर वाजला की खणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरला राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी नवा मल्टी-फ्रिक्वेन्सी मेटल डिटेक्टर घेतला आहे. ओळखीच्या शेतकऱ्याने त्यांना एक नांगरलेलं शेत आणि एक कुरण शोधायला दिलं आहे. मशिन सतत वाजतं, आणि निघतात ते कॅनच्या कड्या, फॉइलचे तुकडे आणि खिळे. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. स्क्रीनवरच्या कोणत्या आकड्यांवर खणायचं? लोखंड आणि फॉइल सेटिंगमधून बंदच करून टाकावं का? आणि सुट्टीत महाराष्ट्रात गेल्यावर हेच मशिन गडांवर नेलं तर चालेल का?

मी मिडलँड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या, शेतांत बरीच वर्षं डिटेक्टिंग करते आहे, आणि नवख्या लोकांसोबत शेतात जाणं मला मनापासून आवडतं. तुमचा पहिला प्रश्न प्रत्येकजण विचारतो. त्याचं माझं उत्तर असं की कोणता सिग्नल खणायचा हे स्क्रीनपेक्षा शेत जास्त ठरवतं. एकाच आकड्यावर एका शेतात मी शंभर वेळा वाकेन, तर दुसऱ्या शेतात तोच आकडा सोडून पुढे जाईन.

आधी आकडा म्हणजे काय ते पाहू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. आकडा धातूचं नाव सांगत नाही. मशिनच्या दांड्याखालची गोल तबकडी, म्हणजे कॉइल, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूच्या तुकड्यात भोवरा प्रवाह निर्माण होतात, आणि ते किती लवकर विरतात यावरून मशिन आकडा काढतं. हे विरणं जसं धातूच्या वाहकतेवर अवलंबून असतं, तसंच तुकड्याच्या जाडीवर, आकारावर आणि तो सपाट आहे की उभा यावरही असतं. म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं जाड चांदीचं नाणं आकड्यांच्या पट्टीच्या वरच्या टोकाला वाजतं, आणि तीच चांदी पातळ आणि नखाएवढी असली की फॉइलच्या पट्ट्यात जाऊन बसते. सोन्याची नाजूक अंगठी आणि कॅनची कडी शेजारीशेजारी येतात. ज्याने कड्यांचा पट्टा बंद केला त्याने सोनंही बंद केलं. कितीही महागडं मशिन घेतलंत तरी यातून सुटका नाही.

दुसऱ्यांनी दिलेले आकडे पाठ करू नका. प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी असते, आणि एकाच मशिनवर मोड बदलला तरी आकडे सरकू शकतात. घरामागच्या बागेत जिथे मशिन गप्प राहतं अशी जागा शोधा. तिथे एकेक वस्तू ठेवून आकडा आणि आवाज दोन्ही वहीत लिहा: घरातली सोन्याची अंगठी, चांदीचं जोडवं, कॅनची कडी, चॉकलेटची फॉइल, शिशाचा तुकडा, खिळा. एक आणि दोन पेन्सची नाणीही घ्या, पण त्यांवरचं साल बघून. 1992 पासून ती तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची केली जातात, त्याआधीची ब्राँझची आहेत, आणि दोघांचं वागणं अगदी वेगळं आहे. वस्तू आडवी, तिरकी, उभी ठेवून पुन्हा लिहा. एका संध्याकाळचं हे काम पुढे वर्षभर उपयोगी पडतं.

आता खालच्या आकड्यांना मी का जपते ते एका वस्तूवरून सांगते. इंग्लंडचा राजा तिसऱ्या हेन्रीच्या काळात, 1247 मध्ये, चांदीच्या पेनीवरचा क्रूस नाण्याच्या काठापर्यंत लांबवला गेला. चोरांनी काठ कातरू नये हा त्यामागचा हेतू होता. अर्धा आणि पाव पेनी मात्र वेगळी पाडली जात नसे, म्हणून अख्खं नाणं त्या क्रूसाच्या रेषेवरच कापून सुटे करत. 1279 नंतर पहिल्या एडवर्डने गोल पाव आणि अर्धा पेनी काढले, तेव्हा ही कापाकापी संपत गेली. असा पाव तुकडा म्हणजे चांदीचा त्रिकोण, वजन ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, दोन सरळ कडा कापलेल्या आणि तिसरी नाण्याची मूळची गोलाई. कापलेल्या कडांना लागून क्रूसाची रेघ दिसते आणि मधे टाकसाळीच्या किंवा टाकसाळकाराच्या नावाची दोनतीन अक्षरं उरलेली असतात. हा तुकडा मशिनवर टणटणत नाही. बारीक, आखूड, जरा दबलेला ‘टिक’ येतो आणि आकडा फॉइलचाच दिसतो. ज्या कुरणात तेराव्या शतकातला बाजार भरत असेल तिथे खालचा पट्टा बंद करणं म्हणजे त्या बाजारातले सगळे सुटे पैसे जमिनीत सोडून येणं.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: फॉइल बंद करू नका. लोखंडाचं थोडं वेगळं आहे. त्याचा आवाज खालच्या घोगऱ्या टोनवर ठेवा आणि हळू करा, पण ऐकू येऊ द्या. लोखंड पूर्ण गप्प केलं की खिळ्याशेजारी असलेलं नाणंही बऱ्याचदा गप्प होतं. त्याहून मोठं कारण म्हणजे लोखंड तुम्हाला वस्तीची जागा दाखवतं. मोकळ्या शेतात चालताना अचानक घोगरे आवाज दाटले, पंधरावीस पावलं तसेच राहिले आणि पुन्हा विरळ झाले, तर तिथे कधीतरी घर, गोठा किंवा लोहाराची भट्टी असण्याची शक्यता मोठी. रोमन काळातल्या वस्त्यांवर तर खिळ्यांचा सडा असतो. असा पट्टा लागला की मी वेग निम्मा करते, लहान कॉइल लावते आणि त्या घोगऱ्या गर्दीत एकाच बाजूने का होईना, पण परत परत येणारा स्वच्छ टोन शोधते. तो खणते, आकडा काहीही असो.

कॉइल कशी फिरवता हेही तितकंच महत्त्वाचं. जमीन सारवताना हात जसा सपाट, टेकलेला आणि आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत फिरतो, तशी ती फिरली पाहिजे. टोकाला कॉइल वर उचलली जाते, तिथेच खोलातले सिग्नल सुटतात.

सिग्नल आला की खणण्याआधी मी काय करते ते सांगते. आधी दोन्ही बाजूंनी फिरवते. जाताना आणि येताना सारखा आवाज, सारखा आकडा आला तर चांगली खूण. मग स्वतः काटकोनात वळून पुन्हा तेच करते. गोल वस्तू कुठूनही तशीच वाजते. खिळा मात्र इथे उघडा पडतो: लांबीच्या बाजूने फिरवला तर उंच, चांदीसारखा टोन देतो आणि आडवा फिरवला की घोगरा होतो किंवा तुटतो. पिनपॉइंट करून, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या मोडवर, पाहिलं की हा उंच टोन खिळ्याच्या मधोमध नसतो, टोकाबाहेर बोटभर सरकलेला असतो. जिथे टोन आला तिथे पिनपॉइंटला काही नाही आणि शेजारी आहे, असं झालं तर नव्वद टक्के खिळाच समजा. पोलादी बाटलीची झाकणं आणि भोक असलेले सपाट लोखंडी तुकडे, वायसर, नाल, हे मात्र काटकोनातही फसवतात. त्यांच्यावर कॉइल मधून हळूहळू आपल्याकडे ओढा. काठ सरकताना आवाज खरखरीत होऊन लोखंडात उतरला तर झाकण आहे असं धरून चला.

नंतर कॉइल उचलते. वीतभर उचलूनही आवाज तेवढाच राहिला तर वस्तू मोठी आहे, बहुधा चेपलेला कॅन किंवा नांगराचा भाग. नाण्याचा आवाज थोडं उचललं की लगेच विरतो. आणि आकडा उड्या मारत असेल तर? पुस्तकी उत्तर असं की स्थिर आकडा खणा, उड्या मारणारा सोडा. यंत्राने चिरडलेल्या कॅनच्या वेड्यावाकड्या चकत्या उड्या मारतात, हे खरं. पण उभं पडलेलं नाणं, मोडका रोमन ब्रूच (कपड्याला लावायची पिन) आणि खोलवरची कुठलीही चांगली वस्तूसुद्धा उड्या मारते. खोली वाढली की आकडा ढासळतो आणि बऱ्याचदा लोखंडाकडे झुकतो. म्हणून माझा नियम असा: जोरात, उथळ आणि उड्या मारणारा असेल तर घाईच्या दिवशी सोडते. हलका, खोल आणि उड्या मारणारा असेल तर वरची दहा सेंटिमीटर माती काढून पुन्हा फिरवते. माती काढल्यावर सिग्नल स्थिर झाला तर पुढे खणते, तुटला तर खड्डा बुजवते.

तुमच्या दोन शेतांत मी वेगवेगळी वागेन. नांगरलेल्या शेतात वरची वीस-पंचवीस सेंटिमीटर माती दरवर्षी उलटीपालटी होते, तिथे खोलीवरून वय ठरवायला जाऊ नका. रोमन नाणं वर आणि कालची कडी खाली, असं सर्रास असतं. कुरण कित्येक दशकं नांगरलं नसेल तर गोष्ट वेगळी. गांडुळं माती वर आणत राहतात आणि वस्तू हळूहळू खाली जातात, हे डार्विनने इंग्लंडमधल्याच कुरणांत मोजून दाखवलं होतं. अशा जागी उथळ कड्या-फॉइलच्या खालचे हलके सिग्नल मौल्यवान. आपल्या मिडलँड्समध्ये अनेक कुरणांत मध्ययुगीन शेतीचे उंच-सखल वरंबे अजून दिसतात. तसे दिसले तर ती जमीन अनेक पिढ्या नांगराखाली गेलेली नाही असं समजा आणि तिथे चांगला वेळ द्या.

नव्या शेतात पहिल्या एकदोन फेऱ्यांत लोखंड सोडून सगळं खणा. अगदी सगळं. जे निघेल ते शेताची ओळख करून देतं. कड्या आणि झाकणंच निघाली तर तिथे जत्रा, कॅम्पिंग किंवा पायवाट असेल. बटणं, शिशाचे तुकडे आणि कोळशाची राख एकत्र निघाली तर शहरातला मैला आणि कचरा खत म्हणून टाकलेलं शेत आहे, एकोणिसाव्या शतकात हे फार चाले. जळक्या कोळशाचे काळे हलके गोळे मशिनला धातूच वाटतात आणि मधला टोन देतात. त्यांचा आकडा एकदा ओळखला की तेवढा एकच आकडा त्या शेतापुरता सोडता येतो. सगळ्यात वाईट म्हणजे हिरव्या कचऱ्याचं कंपोस्ट टाकलेलं शेत. त्यात दळलेलं ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक इतकं असतं की पावलागणिक मशिन ओरडतं. तिथे मी फक्त वरचे, स्थिर टोन खणते आणि शेतकऱ्याशी बोलून दुसरं शेत मागते. नाराज होण्यासारखं काही नाही, पण आपला दिवस आपणच वाचवायचा असतो.

शिशाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण लोक त्यालाच कंटाळून सोडतात. शिसं मधल्या पट्ट्यात वाजतं, जड आणि पांढरट निघतं, आणि पहिल्या महिन्यात त्याचा वीट येतो. पण सुताची चाती, कापडाच्या गाठींवरची सरकारी सीलं, मापं आणि बंदुकीच्या गोळ्या, हे सारं शिसंच. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. 22 ऑगस्ट 1485 ला बॉसवर्थची लढाई झाली, राजा तिसरा रिचर्ड मारला गेला आणि ट्यूडर घराणं गादीवर आलं. लढाई ॲम्बियन टेकडीवर झाली असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं जात होतं. ग्लेन फोर्ड यांच्या पथकाने 2005 पासून शिस्तशीर मेटल डिटेक्टर सर्वेक्षण केलं, आणि रणांगण तिथून सुमारे तीन किलोमीटर नैर्ऋत्येला निघालं. ते ठरवलं कशावरून? मुख्यतः तोफा आणि हातबंदुकांच्या शिशाच्या गोळ्यांवरून. तीसहून अधिक गोळे मिळाले, प्रत्येकाची जागा नोंदवली गेली. रिचर्डच्या माणसांपैकी कोणाच्या तरी अंगावरचं, चांदीवर सोन्याचा मुलामा असलेलं छोटं रानडुकराचं चिन्हही तिथे सापडलं, आणि सगळ्यांच्या लक्षात राहतं ते तेच. पण गोळे ‘नुसतं शिसं’ म्हणून खिशात गेले असते तर लढाईची जागा कधीच कळली नसती. म्हणून शिशाची गोळी निघाली की जीपीएसवर जागा टिपा. एकाच शेतात दोनतीन निघाल्या तर खणणं थांबवून आधी पुरातत्त्व खात्याच्या स्थानिक अधिकाऱ्याशी बोला.

सिग्नल खणण्याजोगा असूनही आपण तो खणू नये, असे प्रसंग येतात. नांगरटीचा थर संपला, खालची घट्ट, न हललेली माती लागली आणि सिग्नल अजून खालीच आहे, तर थांबा. 1992 मध्ये सफोकमधल्या हॉक्सनला एक गृहस्थ शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. नाणी आणि चांदीचे चमचे निघू लागताच त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. त्यामुळे सुमारे पंधरा हजार रोमन नाणी ज्या लाकडी पेटीत होती तिच्या खुणा आणि आतली मांडणी पुरातत्त्ववाल्यांना नोंदवता आली. हातोडाही मिळाला. 2010 मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमला डेव्ह क्रिस्प यांनीही मडक्याचं तोंड दिसताच हात थांबवला. मडक्यातून 52,503 नाणी थराथराने काढली गेली. उशिराच्या काळातल्या सम्राट कॅरॉसियसची बरीच नाणी खालच्या भागात होती. म्हणजे वर्षानुवर्षं थोडी थोडी टाकलेली ती बचत नव्हती, सगळं एकदमच पुरलं होतं. एखाद्याने उत्साहाने सगळं उपसलं असतं तर नाणी तेवढीच मिळाली असती, पण ही गोष्ट हरवली असती.

मोठं, खोल लोखंड गंजून गोल किंवा पंखवाल्या आकाराचं दिसू लागलं तर फावडं खाली ठेवा, दूर व्हा आणि 999 ला फोन करा. दुसऱ्या महायुद्धाचे तोफगोळे या शेतांत अजून आहेत.

कायद्याचं तुमच्या बाबतीत थोडक्यात: शेतकऱ्याची परवानगी लेखी घ्या आणि सापडेल त्याची वाटणी त्यात लिहा. संरक्षित स्मारकाच्या जमिनीवर परवान्याशिवाय मशिन चालवणं हा 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा शेताची हद्द आधी नकाशावर तपासा. 1996 च्या ट्रेझर ॲक्टनुसार 300 वर्षांहून जुनी आणि किमान 10 टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, किंवा एकाच ठिकाणची अशी दोन वा अधिक नाणी सापडली तर 14 दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. 2023 पासून विशेष महत्त्वाच्या, 200 वर्षांहून जुन्या वस्तूही त्यात आल्या आहेत, धातू कोणताही असो. सुटं नाणं किंवा सोनं-चांदी नसलेला साधा ब्रूच कळवायची सक्ती नाही, तरी लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे नोंदवा. तुमच्या शेताचा इतिहास त्या नोंदींतूनच उभा राहतो, आणि कुठे जास्त खणायचं हे पुढच्या मोसमात त्याच नोंदी तुम्हाला सांगतील.

राहिला गडांचा प्रश्न. तिथे माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. महाराष्ट्रातले बरेच महत्त्वाचे किल्ले एकतर केंद्राच्या 1958 च्या किंवा राज्याच्या 1960 च्या कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि तिथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतले 11 महाराष्ट्रात आहेत. एखादा गड यादीत नसला तरी मी तिथे मशिन नेणार नाही. बहुतेक गडांच्या मातीत कुठल्या थरात काय आहे ते अजून कोणी नीट वाचलेलंच नाही, आणि आपण काढलेला एकेक खड्डा त्यातलं एक पान फाडून घेतो. शिवाय 1972 च्या कायद्याने 100 वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, हेही परदेशात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

गावाकडे घरच्याच शेतात हरवलेली अंगठी किंवा मंगळसूत्राची वाटी शोधून द्यायची असेल तर मशिन खूप कामाचं आहे. फक्त इथली आकड्यांची वही तिथे जशीच्या तशी चालणार नाही. दख्खनच्या काळ्या मातीत बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट असतं, कोकणातल्या जांभ्यात लोह असतं. आधी ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशिन तिथल्या मातीशी जुळवून घ्या, सेन्सिटिव्हिटी उतरवा आणि तशीच एक अंगठी त्याच मातीत वीतभर पुरून नवा आकडा पाहून घ्या.

आणि शोधताना किंवा नांगरताना जुनी नाणी वर आलीच, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. जमीन स्वतःची असली तरीही. प्रत्यक्षात तलाठ्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल, फक्त जागेचा फोटो काढून ठेवा आणि नाणी होती तशी कागदात गुंडाळा. तांब्याची शिवराई असेल तर घरातलं कोणीतरी हमखास चिंच आणायला उठतं. त्यांना थांबवा. चिंचेने हिरवा थर जातो आणि त्यासोबत ‘श्री राजा शिव’ ची झिजलेली अक्षरंही जातात.